वाचनालयावरचं सभागृह गाण्याला परत द्या : महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

माननीय आयुक्त व प्रशासक साहेब,

स. न. वि. वि.

मागच्या मंगळवारी मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. जिन्यापाशी एक नवा कागद डकवलेला दिसला. पहिल्या मजल्यावरचं सभागृह दहा वर्षांच्या करारानं खासगी चालकाला भाड्यानं देण्यासाठी निविदा मागवल्या आहेत, अशी ती जाहीर सूचना. वापर काय, तर वाढदिवस, साखरपुडे, डोहाळजेवणं, कंपन्यांच्या बैठका. कागद डकवायला कर्मचाऱ्याला दुसरी जागा मिळाली नसावी. तो त्यानं संगमरवरी पाटीवरच चिकटवला होता. ही जागा ज्या गृहस्थांनी गावाला दिली त्यांचं नाव त्या पाटीवर आहे, आणि नावाखाली ही वास्तू वाचन, व्याख्यान आणि गायन यांसाठी दिल्याचं कोरलेलं आहे. कागदाखाली नेमकी तीच ओळ झाकली गेली होती.

याआधी मी आपल्याला चार पत्रं पाठवली. चारही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. म्हणून हे पाचवं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्याइतकाच या सभागृहावर हक्क असलेल्या शहरातल्या लोकांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे.

मी कलाकार नाही. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाले. माझे वडील हौसेनं हार्मोनियम वाजवायचे. २०११ साली त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आम्ही घरी गाणं ठेवलं. त्यांच्या एका मित्राची मुलगी गायली, तीसेक माणसं आली, दोन खोल्यांमधलं दार काढून ठेवलं होतं. निघताना चप्पल घालता घालता शेजारच्या काकूंनी विचारलं, "पुढच्या महिन्यात कोण गाणार?" या प्रश्नामुळं आमची बैठक सुरू झाली. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा. आम्ही नाव ठेवलं नाही, संस्था नोंदवली नाही. लोकच आम्हाला 'दुसऱ्या शनिवारवाले' म्हणू लागले. घर पुरेना तेव्हा २०१४ मध्ये वाचनालयाच्या तेव्हाच्या ग्रंथपालांनी वरचं सभागृह दाखवलं. धूळ होती, खिडक्यांची तावदानं फुटलेली होती. आम्ही सहा जणांनी दोन रविवार घालवून ते धुऊन काढलं. तिथून पुढं दहा वर्षं एकही दुसरा शनिवार रिकामा गेला नाही. करोनाचा काळ तेवढा सोडून.

त्या सभागृहात जाजम अंथरून ऐंशी, फार तर नव्वद माणसं बसतात. भिंतीकडेला ज्येष्ठांसाठी वीस खुर्च्या. छत लाकडी असल्यामुळं आवाज घुमत नाही आणि मरतही नाही. ध्वनिक्षेपक आम्ही कधी लावला नाही, लागलाच नाही. आपण त्या खोलीत कधी बसला नसाल, म्हणून तिथं काय होतं ते थोडं सविस्तर सांगते. आमची सगळी मागणी त्यावरच उभी आहे.

गायक येतो, तंबोऱ्याची गवसणी काढतो आणि पहिली गोष्ट सांगतो, "पंखे बंद करा." उन्हाळ्यातसुद्धा. मग खुंट्या पिळल्या जातात, मणी वरखाली सरकतात. तार जवळजवळ लागली की घोडीवर तारेखाली घातलेला सुती दोरा केसभर पुढं, केसभर मागं करत जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारी नेमकी जागा, शोधायची. दोरा जागेवर येत नाही तोवर तंबोरा नुसता टणत्कारतो. येतो त्या क्षणी तार उघडते, खर्जाच्या पितळी तारेतून न छेडलेला गंधार स्वर ऐकू यायला लागतो. हे आठ-दहा मिनिटं चालतं. तेवढा वेळ ऐंशी माणसं श्वास धरून बसलेली असतात. यात सात-आठ वर्षांची पोरंही असतात, त्यांना कुणी दटावलेलं नसतं. मोठ्या नाट्यगृहात हे पडद्याआड उरकलेलं असतं. पडदा वर जातो तेव्हा कर्ण्यातून एक सरसकट गुणगुण येते आणि लोकांना वाटतं, तंबोरा म्हणजे एवढंच.

आणखी एक प्रसंग. आमच्याकडं रिक्षा चालवणाऱ्या एका मामांची मुलगी २०१७ पासून तंबोऱ्यावर बसायची. गाणं शिकणाऱ्याला गवयाच्या मागं तंबोरा धरून बसवणं ही आपल्याकडची जुनी शाळा. राग कसा उलगडतो, तबलजीकडं कधी बघायचं, कुठं थांबायचं, हे सगळं तिथं बसून अंगात मुरतं. सहा वर्षं तिनं मागं बसून ऐकलं आणि २०२३ साली पहिल्यांदा पुढं बसून गायली. वीस मिनिटांचा भूप राग. बंदिशीचा दुसरा भाग, अंतरा, आला आणि तिला शब्द आठवेनात. तबला चालू होता, तिचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या रांगेत आमचे एक आजोबा बसतात, वय ८४. त्यांनी मान खाली घालून, कुणाकडं न बघता, अंतऱ्याचे पहिले तीन शब्द अगदी हलक्या आवाजात गुणगुणले. तिनं ते उचलले आणि पुढं गेली. मागच्या निम्म्या लोकांना काही घडल्याचं कळलंही नाही. आजोबा आणि ती मुलगी यांच्यात चार फुटांचं अंतर होतं, म्हणून ती त्या दिवशी गाऊ शकली. आपल्या मोठ्या नाट्यगृहात पहिली रांगच रंगमंचापासून वीस फुटांवर आहे.

साहेब, हे फक्त शास्त्रीय गाण्यापुरतं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी कलावंत एकदा आमच्याकडं आले होते. त्यांची पोथी म्हणजे हातात धरता येतील एवढ्या कागदांवरची चित्रं. एकेक चित्र पुढं करत, वाद्यांच्या साथीनं रामायणा-महाभारतातली आख्यानं गायची. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं. पण ते चित्र पंधराव्या रांगेतून दिसत नाही. ते जवळूनच बघायचं असतं, ते तसंच काढलेलं आहे. बैठकीच्या लावणीचं तेच. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांनी जी बसून करायची अदाकारी जपली, ती डोळ्यांची, भुवईची, बोटांची. एकच ओळ फिरून फिरून येते आणि दर वेळी तिचा अर्थ पालटतो. ते दिसायला समोर बसावं लागतं. या कलांना पुरस्कार द्यायला सरकार आहे, पण त्या ज्या जागेत जगतात ती जागा आपण साखरपुड्यांना देता आहात.

महाराष्ट्रात गाणं रुजलं ते असल्याच खोल्यांत. पुण्यात गायन समाज १८७४ साली निघाला. कोल्हापुरात देवल क्लब १८८३ साली उभा राहिला. भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज १९११ साली सुरू केला. दरबारात आणि हवेलीत जे गाणं होतं ते चार सामान्य माणसांना ऐकता यावं, शिकता यावं म्हणून उभं राहिलेलं हे काम. नाटकातही तेच झालं. दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकं होऊ लागली आणि मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी तिथं घडली. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात आज हजारो लोक बसतात, आम्हीही जातो, आनंदानं जातो. पण त्या मंचावर जाणारा प्रत्येक जण आधी कुठल्या तरी जाजमावर पन्नास माणसांसमोर चुकलेला असतो.

आता आमच्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार सभागृह बंद करण्याबद्दल नाही, बंद ठेवण्याबद्दल आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. १९१५ सालची, शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू आगीत गेली आणि आम्ही इथं रात्रभर फोनवर चित्रफिती बघत रडत होतो. त्यानंतर सप्टेंबरमध्ये आपले अधिकारी आमच्या सभागृहाची तपासणी करायला आले, तेव्हा मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरले. लाकडी छत, जुनी वायरिंग, खाली उतरायला एकच जिना. त्यांनी जे धोके दाखवले ते खरे होते, आणि त्याच दिवशी सभागृह बंद केलं तेही योग्यच केलं. माझं म्हणणं त्यानंतरच्या चौदा महिन्यांबद्दल आहे. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली, पण दुरुस्ती सुरूच झाली नाही. मी माहितीच्या अधिकारात तपासणीचा अहवाल, कामाचा अंदाजखर्च आणि मुदत मागितली. उत्तर आलं, "माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." दुरुस्तीला पैसे नाहीत असं एका अभियंत्यांनी तोंडी सांगितलं. मग निविदेत लिहिलेलं 'नूतनीकरण चालकाने स्वखर्चाने करावे' हे वाचल्यावर वाटलं, एवढे महिने कुलूप लावून ठेवलं ते याच दिवसाची वाट बघत का? असं नसेल तर आपण तसं सांगावं. मी आनंदानं मान्य करीन.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. या इमारतीची मालक महापालिका आहे. आधीच्या दहा वर्षांत ते प्रमाणपत्र कधी निघालं होतं का, हेही मी विचारलं होतं. त्याचंही उत्तर नाही. त्या सभागृहातले दोन अग्निशामक सिलिंडर आम्ही वर्गणी काढून घेतलेले आहेत, आणि ते दरवर्षी भरून आणण्याचं काम आमच्यातले एक निवृत्त एसटी मेकॅनिक करत होते.

दुसरी तक्रार या जानेवारीच्या परिपत्रकाची. सभागृह गेल्यावर आम्ही घराघरांत हिंडलो. कुणाची गच्ची, कुणाचा वाडा, एकदा शिशुवर्गाची खोली. मग परिपत्रक आलं. ५० किंवा अधिक माणसं आणि कोणतंही वाद्य असेल तर जागा खासगी असली तरी १५ दिवस आधी अर्ज, पोलिसांचा ना-हरकत दाखला, अग्निशमन विभागाचा दाखला, ३,५०० रुपये शुल्क आणि २५,००० रुपये अनामत. डीजे लावून मैदानात होणाऱ्या कार्यक्रमाला जे कोष्टक, तेच गच्चीवरच्या सतारीला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना मी म्हटलं, "अहो, आमच्याकडं स्पीकर नसतो." ते म्हणाले, "ताई, अर्जात तसा रकानाच नाही." त्यांचा दोष नव्हता, रकाना खरंच नव्हता.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि ते आले याचा मला आनंदच आहे. त्या नियमांत लेखी परवानगी मागितली आहे ती ध्वनिक्षेपकासाठी. रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी आहे, तिच्यातही बंदिस्त सभागृहांत आतल्या आत चालणाऱ्या कार्यक्रमांचा वेगळा विचार केलेला आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिल्लीतल्या नियमकर्त्यांना जो फरक कळला तो आपल्या परिपत्रकात का उतरला नाही? सणासुदीसाठी वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत राज्य सरकार देऊ शकतं. आम्ही त्यातला एकही दिवस मागत नाही. आमची बैठक साडेनऊला संपते.

ती आधी साडेनऊला संपत नसे, हेही मी इथं लिहिते. २०१५ च्या मे महिन्यात एका ज्येष्ठ गायिकेचा मालकंस रंगला आणि दहा चाळीस झाले. वाचनालयामागच्या घरात एक आजारी गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी येऊन मला सुनावलं. त्यांचं बरोबर होतं. मी घरी जाऊन त्या गृहस्थांची माफी मागितली, आणि तेव्हापासून साडेनऊ म्हणजे साडेनऊ. उत्तररात्रीचे राग त्यामुळं आमच्याकडं ऐकायला मिळत नाहीत, पण त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. उलट वर्षातून दोनदा रविवारी सकाळी सातला बैठक ठेवू लागलो, तोडी-ललत हे सकाळचे राग ऐकायला. शेजाऱ्यांशी कसं वागायचं हे आम्ही असं शिकलो, आणि ते शिकवायला कोणतंही परिपत्रक लागलं नाही.

तिसरी तक्रार पैशांची. ही थोडी आकडेमोड करून दाखवते, कारण 'तिकीट लावता ना, मग भरा' असं आम्हाला ऐकवलं गेलं. सत्तर माणसं आली तर त्यातली पंधरा विद्यार्थी, त्यांना प्रवेश मोफत. उरलेल्या ५५ जणांचे २०० रुपयांप्रमाणे ११,००० होतात. गायकाला ६,०००, तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांना प्रत्येकी १,५००, प्रवासखर्च १,२००, चहा ५००. झाले १०,७००. उरलेले ३०० जाजम धुवायला. यातून ३,५०० शुल्क कुठून भरायचं? कलाकारांच्या मानधनातूनच. आणि २५,००० अनामत? ती मी माझ्या पेन्शनमधून भरली. मार्चमधल्या बैठकीची अनामत मला सप्टेंबरमध्ये परत मिळाली, अकरा फेऱ्यांनंतर. मी निवृत्त आहे, फेऱ्या मारू शकले. नोकरी करणारा एखादा तरुण हे करील का? तो परत कधी गाणं ठेवणार नाही. केंद्र सरकारसुद्धा संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर जीएसटी घेत नाही, आणि शास्त्रीय वा लोककलेच्या कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर तो कर माफ आहे. म्हणजे लहान कार्यक्रम वेगळा ओळखता येतो, फक्त ओळखायची इच्छा हवी.

गेल्या सहा महिन्यांत आमच्या दोनच बैठका झाल्या. दोन्ही वेळा आम्ही माणसं मोजून ४९ वर दार बंद केलं. पन्नासावे आले ते ८४ वर्षांचे आजोबा. रिक्षा करून आले होते. मी उठून माझी जागा त्यांना दिली आणि बाहेर जिन्यावर बसून ऐकलं.

चौथी तक्रार, "एवढं मोठं नाट्यगृह बांधून दिलंय, तिथं करा." हे उत्तर मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर मिळालं. त्या नाट्यगृहात ९५० खुर्च्या आहेत. त्याचं एका सत्राचं भाडं आमच्या पाच बैठकांच्या एकूण खर्चाएवढं होतं. शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांना आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांना आधीच दिलेले असतात, आणि ते तसेच दिले जावेत. शिवाय ते बायपासवर आहे, रात्री नऊनंतर तिकडून सिटी बस नाही. आमच्याकडं येणाऱ्यांत निम्म्या बायका, बऱ्याच साठीच्या पुढच्या, पुष्कळ जणी पेठेतून चालत येणाऱ्या. वाचनालय त्यांच्या पायाखालचं आहे.

पाचवी आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. सभागृह भाड्यानं देण्याचा हा ठराव झाला तेव्हा महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते. प्रशासक म्हणून तो आपल्यापुढं आला आणि आपणच मंजूर केला. कायद्यानं आपल्याला तो अधिकार आहे, मी नाकारत नाही. पण लोकांनी गावाला दिलेली जागा दहा वर्षांसाठी हातची जाते आहे, आणि त्यावर हरकती-सूचना मागवाव्यात असंही कुणाला वाटलं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहराच्या कारभारानं कोणती कामं पाहावीत त्याची ती यादी. तिच्यात रस्ते, पाणी, अग्निशमन आहे आणि तेराव्या क्रमांकाला सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हेही आहे. नगररचना आणि दफनभूमी यांच्या पंगतीत ते बसवलेलं आहे. ते नंतर कधी पैसे उरले तर करायचं काम असतं, तर त्या यादीत आलं नसतं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

सभागृहाची निविदा थांबवा. देणगीचा मूळ कागद काढून वाचा, आणि निर्णयाआधी नागरिकांच्या हरकती-सूचना घ्या. त्यासाठी तीस दिवस द्या.

तपासणीचा अहवाल महापालिकेच्या फलकावर लावा. वायरिंग बदलणं आणि मागच्या बाजूनं दुसरा लोखंडी जिना घालणं, ही दोन कामं अधिकाऱ्यांनी मला त्या दिवशी सांगितली होती. त्यांचा खर्च किती आणि तारीख कोणती, ते जाहीर करा. लोकवर्गणीचा वाटा उचलायला आम्ही तयार आहोत. तो किती ते आकडा कळल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तंबोऱ्यासाठी आम्ही एकदा पैसे उभे केले होते, जिन्यासाठीही करू.

परिपत्रकात एक रकाना वाढवा. १०० पर्यंत माणसं, बंदिस्त जागा, ध्वनिक्षेपक नाही, रात्री दहाच्या आत समाप्ती. अशा कार्यक्रमाला प्रभाग कार्यालयात तीन दिवस आधी साधी लेखी सूचना पुरेशी ठरवा. शुल्क नको, अनामत नको. सुरक्षेची जी अट असेल ती घाला, बाहेर पडायच्या दोन वाटा, मोकळा जिना, माणसांची मर्यादा. ती आम्ही पाळू आणि पाळली की नाही हे बघायला आपला माणूस कधीही, न सांगता येऊ दे.

सभागृह पुन्हा उघडल्यावर महिन्यातले आठ दिवस गाणं, वाचन, लोककला, लहान नाटकं, मुलांचे वर्ग यांसाठी राखून ठेवा आणि देखभालीपुरतंच भाडं घ्या. ते दिवस आमच्यासाठी नकोत, जो मागेल त्याच्यासाठी. वस्तीतलं भजनी मंडळ, कॉलेजची हिप-हॉप करणारी मुलं, उर्दू शाळेतले मुशायरा करणारे शिक्षक, सगळ्यांना. उरलेले दिवस आपण समारंभांना द्या, त्या पैशातून सभागृहाची निगा राखा. साखरपुड्यांशी आमचं भांडण नाही.

शेवटची मागणी लहान आहे आणि तिला ठराव लागत नाही.

सभागृहाच्या उजव्या भिंतीतल्या कपाटात आमचे दोन तंबोरे आहेत. एक माझ्या वडिलांनी १९६८ मध्ये मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला. दुसरा २०१६ साली आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून तिथूनच करून घेतलेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी आम्ही बैठकीत वाचून दाखवली होती. सप्टेंबरात घाईनं कुलूप लागलं तेव्हा ते आतच राहिले. पुढच्या शनिवारसाठी आदल्या दिवशी सुरात लावून ठेवलेले होते, म्हणजे तारा ताणलेल्याच आहेत. अख्खा पावसाळा त्या बंद, ओलसर खोलीत गेला. ताणलेल्या तारांनी तबकडी खचते, दांडी वाकते, आणि भोपळ्याला एकदा चीर गेली की तो सांधता येतो पण आवाज पूर्वीचा राहत नाही. मी चारही पत्रांत हे लिहिलं. मला तोंडी सांगण्यात आलं की आतलं सामान आता महापालिकेच्या ताब्यात आहे, पंचनाम्याशिवाय हलवता येणार नाही.

मग हलवू नका. पंचनामा होईल तेव्हा होईल. एक कर्मचारी, एक किल्ली आणि अर्धा तास द्या. मी त्याच्यासमोर कपाट उघडीन, आठ खुंट्या सैल करीन, गवसण्या परत घालीन आणि खाली उतरीन. आपण सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या वेळेला येते.

आपली नम्र,
दुसऱ्या शनिवारच्या बैठकीची एक कार्यकर्ती